टेबलाखालचा रंग

हॅलो? …हो, मीच. बोल ताई. …छे गं, दुपारचा कुठला झोपतोय मी! टेबलापाशी होतो. …हो, तेच टेबल. रेल्वेचं. …खेळणी नाहीत गं ती, मॉडेल रेल्वे म्हणतात त्याला. कितीदा सांगायचं?

हो, हो… झकास झालं काल. क्लबची झाडून सगळी मंडळी आली होती. तिन्ही गाड्या फिरल्या, एकही घसरली नाही. बोगद्यातून मालगाडी बाहेर आली तेव्हा तर टाळ्या…

काय? …भाऊजी जेवले नाहीत? …कालपासून? …पोट बिघडलं असेल. …बरं बाई, नसेल बिघडलं. ओरडतेस कशाला?

मी काय बोलणार त्यांना? …अगं ऐक ना… अगं, अकरा रविवार राबलेत ते माझ्यासाठी. टेबलाची दहा फुटांची लाकडी फ्रेम, कुठे केसभर फट नाही. वर माणूस नाचला तरी गाडीचा डबा हलायचा नाही. मी आपला नुसता पट्ट्या धरायला. …हो, त्याही चुकीच्या टोकाला. सांगितलं वाटतं तुला?

रंग? कसला रंग? …खालून? …हो, लावला. शुक्रवारी. …वाळवी लागू नये म्हणून. …मान्य गं, तू सुताराची बायको आहेस. मान्य, फळीला खालच्या बाजूने कुणी रंग लावत नाही!

…त्यांनी वाकून पाहिलं? कधी? …बोल्ट सैल झालेत का ते बघायला… आम्ही सगळे गाडी बघत होतो तेव्हा…

ताई, ऐक.

वाळवीचं खोटं होतं. …सांगतो ना, थांब जरा. …भाऊजी खालच्या बाजूला पेन्सिलीने सगळं लिहून ठेवतात की नाही? मापं, बाण, ‘वायर इथून’. आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव, तारीख. आमच्या क्लबवाल्यांची खोड अशी, की गाडी बघायच्या आधी टेबलाखाली डोकं घालायचं. वायरिंग बघायला. …हो. म्हणूनच. नाव दिसू नये म्हणून. …दोनदा लावला गं. एकदा लावून अक्षरं झाकली जाईनात.

कारण फ्रेम मी एकट्याने केली, असं सगळ्यांना सांगून बसलो होतो. …का म्हणजे? जन्मभर घरात मला खिळा ठोकता येत नाही म्हणून हसलात तुम्ही. तिथे क्लबात कुणीतरी ‘वा!’ म्हणालं आणि मी हुरळलो. …नाही, तुमच्यावर नाही ढकलत. माझंच चुकलं. लाज वाटते गं.

ताई… अजून एक आहे. ते भाऊजींनी तुला सांगितलं नसणार. …सेक्रेटरींनी विचारलं, हे कोण? भाऊजी शेजारीच होते, दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन. मी म्हटलं… मी म्हटलं, सामान उचलायला बोलावलंय.

दे, चार शिव्या दे मला.

नको, त्यांना नको देऊस फोन! कुठल्या तोंडाने बोलू मी… ताई, नको ना…

भाऊजी… हो. …मी… काय? …नाही, रंग लावायच्या आधी नव्हते आवळले बोल्ट. …चिकटून बसतील? …तुम्ही येताय? पाना घेऊन? …अहो भाऊजी, आधी मला दोन शब्द तरी ऐकवा! …असं कसं ‘जाऊ दे’?

मी सांगतो क्लबात, सगळ्यांसमोर. …नको? …हो, शोभा तर होईलच माझी. …बरं. …बरं, तुम्ही म्हणताय तर…

भाऊजी, खरं सांगू? तुम्ही ‘नको’ म्हणालात ना, मला हायसं वाटलं. आत्ता, या क्षणाला. …हसू नका हो. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

नाही, ठेवतो मी. …रागावून नाही. सेक्रेटरींना फोन लावायचाय. …आत्ताच. …भाऊजी, तुम्ही गप्प बसा बघू. आणखी एकदा ‘नको’ म्हणालात तर मी ऐकेन. …ठेवतो.