भाऊंच्या चेहऱ्यामागची खिडकी

बोलू नका, धनराजभाऊ, नुसतं आ करा — अजून मोठा — हां. गाडीवरून पडलात म्हणे? असं कसं पडलात हो, ना गुडघा फुटला ना कोपर, नेमका पुढचा दात तेवढा तुटला? राहू द्या. मला माहितीये. भागीबाईने डबा घातला तुमच्या तोंडावर. सिव्हिल हॉस्पिटलच्या पायरीवर, भरलेला डबा. माझ्या सावळीरामची बायको ती — इथे माझ्या हाताखाली काम करणारा सावळीराम, ज्याची बोटं तुमच्या पोरांनी मोडली. हलू नका, ड्रिल चालू आहे, जीभ फाटेल. आणि एवढं करून आलात कुठे, तर माझ्याकडेच! का, तर पंचवटीत कॅपचा रंग जुळवावा तो मॅडमनीच.

जुळवते की. पण कशात बघून जुळवू? ट्यूबलाइटखाली सगळ्यांचे दात मेलेले दिसतात. दाताचा रंग दिवसाच्या उजेडात बघायचा असतो, भाऊ, म्हणून तर ही खुर्ची मी खिडकीशी लावली. खाली भाजीबाजार, त्यापलीकडे नदी. सुई बघून थरथरणारी माणसं मेथीच्या जुड्या बघत गप पडून राहायची. आणि मी? दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकं घालणाऱ्या बाईला मान वर केली की काहीतरी हिरवं दिसायला नको? — पण तुमचा वाढदिवस आला ना! खिडकीभर फ्लेक्स. भावी नगरसेवक, गॉगल, जोडलेले हात. वाढदिवस होऊन गेला, फ्लेक्स तसाच. मी विनंती केली, पुन्हा केली, तर तुमची पोरं हसली — मॅडम, लाईट लावा की! लावली लाईट. त्या लाईटखाली सायलीची कॅप जुळवली, लग्न ठरलेली पोरगी, आणि हळदीला अंगणात उन्हात बसली तर तो एक दात निळसर. सगळ्या फोटोंत तोंड मिटून बसलीये ती. इथे येऊन रडली. माझं डोकंच फिरलं. वाटलं, हे हसणारं तोंड फाडावं. फ्लेक्सवरचं नाही, भाऊ, खरं. सुई न देता, एकेक दात सावकाश. ते मिळालं नाही म्हणून मग — आणि डोळ्यापाशी ब्लेड अडकलं ना, तेव्हा मी —

हो. मीच. सावळीराम नव्हता तो. हात सोडा माझा. सोडा म्हणते ना! ड्रिल तुमच्या टाळूपाशी आहे आणि माझा पाय पेडलवर. — सोडलात? शहाणे आहात. मीच खिडकीतून हात बाहेर काढून कापलं फ्लेक्सवरच्या तुम्हाला, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. पोरं वर आली तेव्हा मी घरी जेवायला गेले होते. कुणी कापला? सावळीराम म्हणाला, मी. का म्हणाला असेल? विचारलं मी त्याला. म्हणे, मॅडमच्या हाताला काही झालं तर दवाखाना बंदच पडेल. माझ्या हाताच्या जागी त्याने स्वतःचा दिला, आणि तुमच्या पोरांनी तो घेतला — आणि तुम्ही काय केलंत? चिकटपट्टी लावून घेतलीत चेहऱ्याला!

आता पोरांना कळवा. खालीच उभी आहेत ना? फ्लेक्स उतरवा म्हणा. नाहीतर मी अंदाजाने रंग लावते, मग निवडणुकीच्या प्रत्येक पोस्टरवर एक निळा दात. तोंडात कापूस आहे? मग मेसेज टाका. — हां. चढली बघा. सगळ्या दोऱ्या कापा रे, अर्धवट नको!

आला. आला उजेड. अगं आई, केवढं ऊन! थांबा, डोळे दिपले. मेथी आलीये बाजारात, ढीगच्या ढीग. बघू दात — मान इकडे करा, खिडकीकडे —

हे काय आहे? इथे, चौकटीत. मी पुसलं होतं हे रक्त. त्याच दिवशी पुसलं होतं, फिनाईल टाकून, घासून घासून. ट्यूबच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. खिडकीची झडप ओढली तुमच्या पोरांनी सावळीरामच्या बोटांवर, ती अशी इकडून ओढली असणार, आणि सगळं या खाचेत — नख आहे हे. अख्खं नख आहे.

उठा.

नाही, कॅप नाही, काही नाही. माझ्या हातात अजून ड्रिल आहे, भाऊ. उठा.