निलेशच्या नंबरवरच्या गोळ्या

दिनांक १५ नोव्हेंबर २०२५, वेळ दुपारी ३.१०

माझे नाव जानकी धोंडिराम परब, वय २४ वर्षे, शिक्षण बी.ए. (मानसशास्त्र), व्यवसाय व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या संस्थेत नोकरी, राहणार खोली क्र. १४, रवळनाथ चाळ, मरोळ, अंधेरी (पूर्व), मुंबई.

मी आज स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मला पहिला प्रश्न असा विचारला की, निलेश राऊळ आता कुठे असेल असे तुम्हाला वाटते. याचे उत्तर मला देता येत नाही. परवापासून मी दुसरा विचार केलेला नाही. तो घरातून का गेला याबद्दल मला जे माहीत आहे ते सांगते.

निलेश, वय ३१, आमच्याच चाळीत खोली क्र. ९ मध्ये आई द्रौपदी यांच्यासोबत राहतो. तो एका कंपनीची कामगारांची बस चालवतो. मी त्याला दादा म्हणते. दहावीला माझे गणित त्यानेच करून घेतले. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली.

मी दीड वर्षापासून या संस्थेत आहे. संस्थेकडे संगणकावर चालणारी एआय प्रणाली आहे. वस्तीतली काही औषध दुकाने सवलत योजनेतल्या खरेदीची माहिती देतात. योजनेच्या अर्जावर ग्राहकाची संमती घेतलेली असते. त्यावरून प्रणाली ग्राहकाच्या प्रत्येक मोबाईल नंबरला शून्य ते शंभर असे गुण देते. जितके गुण जास्त, तितका त्या माणसाला गोळ्यांचे व्यसन लागण्याचा धोका जास्त. सत्तरच्या वर गेलेल्यांच्या घरी मी भेट देते आणि फॉर्म भरते. माणूस बुडायच्या आधी त्याच्यापर्यंत पोचायचे, असे आमचे काम आहे. या कामामुळे नऊ माणसे वेळेवर उपचाराला आली, त्यांतल्या चौघांना मी स्वतः घेऊन गेले, हेही लिहून घ्यावे.

सोमवार दिनांक १० रोजी यादीत निलेशचा नंबर ७८ गुणांवर आला. झोपेच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या व खोकल्याचे औषध मोठ्या प्रमाणात, असे कारण होते. सायंकाळी सहा वाजता मी खोली क्र. ९ मध्ये गेले. निलेश नुकताच ड्यूटीवरून आला होता. मी प्रश्न विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, "अगं, ती माझी कुठेयत? अर्ध्या चाळीची औषधं माझ्या नंबरवर येतात. तुला हे मी सांगायचं का? तुझ्या मशीनला सांग, मला गुडघेदुखी आहे, बीपी आहे आणि पाच-सहा म्हातारे आहेत. चहा घेणार का, मॅडम?"

हे खरे आहे. दुकानात "नंबर बोला" म्हटले की आमच्या चाळीतले सगळे निलेशचाच नंबर सांगतात. बस लावून येताना म्हाताऱ्या माणसांची औषधे तोच आणतो. असे पाच-सहा वर्षे चालू आहे.

फॉर्मवर तीन पर्याय असतात. मान्य करतो, नाकारतो, खात्री करावी. मी 'नाकारतो' यावर खूण केली. गोळ्या दुसऱ्याच्या आहेत असेच बहुतेक जण सांगतात, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले आहे. 'खात्री करावी' या पर्यायात औषधे कोणत्या घरांची आहेत त्यांची नावे लिहावी लागतात. मी नावे लिहिली नाहीत. चहा घेतला.

'नाकारतो' या नोंदीने गुण वाढतात. मंगळवारी सकाळी निलेशचे गुण ९१ झाले. नव्वदच्या वर गेलेला माणूस वाहन चालवत असेल आणि त्याची कंपनी संस्थेच्या कार्यक्रमात सामील असेल, तर कंपनीला आपोआप संदेश जातो. हा नियम मला माहीत होता. ९१ होतील असे वाटले नव्हते.

बुधवारी दुपारी कंपनीने निलेशला बसवरून उतरवले. बसमध्ये कामगार बसलेले होते. सायंकाळपर्यंत चाळीत सगळ्यांना कळले. नळावर कोणीतरी "गोळीवाला ड्रायव्हर" म्हणाले. ते मी ऐकले. कोण म्हणाले ते मला सांगायचे नाही.

गुरुवार दिनांक १३ रोजी सकाळी साडेनऊ वाजता निलेश "कंपनीत बोलून येतो" असे आईला सांगून निघाला. अंगात निळा चौकड्यांचा शर्ट होता. तो कंपनीत पोचला नाही. अकरा वाजल्यापासून फोन बंद आहे. लायसन्स आणि कंपनीचे ओळखपत्र त्याने फ्रिजवर ठेवले होते. द्रौपदीकाकींनी त्याच दिवशी सायंकाळी तक्रार दिली आहे.

शुक्रवारी सकाळी मी काकींकडे गेले. त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. त्या म्हणाल्या, "माझो झील गोळये खाता? तुझ्या बापाशीक गोळये कोण हाडून देता, ता आधी इचार घराक जावन." झील म्हणजे मुलगा, हाडून म्हणजे आणून. 

आमच्या घरची औषधे त्या नंबरवर घेतली जात होती का, असे मला विचारले. होती. सोमवारीही हे मला माहीत होते.

त्यानंतर मी संस्थेत जाऊन प्रमुख मृणालिनी मॅडम यांना हे सांगितले. निलेशची नोंद दुरुस्त करून कंपनीला लगेच कळवा, अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, "जानकी, तू या केसमध्ये फार गुंतलीयस. सोमवारच्या मीटिंगमध्ये घेऊ." मी म्हटले, सोमवारी पाचवा दिवस असेल. त्या म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते, घाई नको."

माझे वडील धोंडिराम परब, वय ६८, आधी गिरणीत व नंतर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीचे वॉचमन होते. तेव्हापासून त्यांना झोपेची गोळी लागते. काल दुपारी जेवताना मी विचारले, "बाबा, रोज किती घेता?" ते म्हणाले, "दोन." मी म्हटले, "डॉक्टरच्या कागदावर अर्धी आहे." ते म्हणाले, "कागदाक झोप लागता अर्ध्यान. माका नाय." थोड्या वेळाने म्हणाले, "कधी कधी तीन." आई ताट उचलून मोरीत गेली. किती वर्षांपासून, हे मी विचारले नाही.

दुकानाच्या नोंदीत निलेशच्या नंबरवर या वर्षी झोपेच्या गोळ्यांच्या शहात्तर पट्ट्या आहेत. त्यांतल्या एकाहत्तर आमच्या घरच्या आहेत. ही नोंद सोबत जोडली आहे.

आज सकाळी आठ वाजता मी वडिलांच्या नावाने भेटीचा फॉर्म भरला. 'मान्य करतो' यावर त्यांनी स्वतः खूण केली. नंतर त्यांना सरकारी रुग्णालयात नेऊन केसपेपर काढला. निलेशच्या कंपनीला सर्व नोंदींसह माझ्या नावाने ईमेल पाठवला. संस्थेची परवानगी घेतली नाही. त्यामुळे नोकरी जाऊ शकते, याची मला कल्पना आहे.

दुपारी एक वाजता मी चाळीच्या फळ्यावर खडूने लिहिले. आधी 'आमच्या घरच्या गोळ्या' असे लिहिले होते. वडील मागे उभे होते. ते म्हणाले, "घराच्या कसल्या? माझा नाव घाल. पुरा घाल." मी ते पुसून, निलेशच्या नंबरवरच्या झोपेच्या गोळ्या धोंडिराम विठू परब, खोली क्र. १४, हे घेतात, निलेश घेत नाही, आणि हे माहीत असून जानकीने लिहिले नाही, असे लिहिले. त्याचा फोटो निलेशच्या फोनवर पाठवला. अद्याप पोचलेला नाही.

माझा हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिलेला आहे व बरोबर आहे.

जबाब देणार,
(सही) जानकी धोंडिराम परब