सखुबाई गप्प का बसली

...आणि कारण काय, तर म्हातारी गप्प बसली! बस्स, एवढंच. ताप नाही, उलटी नाही, कुठे पडली नाही, आपटली नाही... गप्प बसली म्हणून अँब्युलन्स! आता मला सांगा, आमच्या सासूबाई एक दिवस गप्प बसल्या तर मी पेढे वाटीन, अँब्युलन्स कशाला बोलवीन? पण आमच्याकडे एकच मंत्र... रिस्क नको!

थांबा, असं नाही कळायचं, पहिल्यापासून सांगते. मी रुपाली. ठाकुर्लीला वृद्धाश्रमात कामाला आहे. वृद्धाश्रम म्हटलेलं आमच्या निशा मॅडमना चालत नाही हां, 'सीनियर लिव्हिंग' म्हणायचं. मॅडम म्हणजे मॅनेजर. खाली मेडिकल, मेडिकलच्या बाजूला चहावाला, आणि चहावाल्याच्या बाजूला जगनभाऊची अँब्युलन्स. कायम उभी! स्टेशनबाहेर रिक्षा लागतात ना, तशी. माझं शिक्षण सातवी, पण अंघोळ घालायला, भरवायला, कूस बदलायला सातवी पुष्कळ झाली. घाबरायला तर बालवाडीसुद्धा पुरते, आणि त्यात माझा पहिला नंबर! माझा ऋतू, ऋतुराज, एवढासा आहे अजून, तो नुसता शिंकला तरी मी त्याला काखेत मारून दवाखान्यात. डॉक्टर मला काचेतून बघूनच कंपाउंडरला सांगतात, "आली बघ. पोराला गोळी दे चोखायला आणि आईला खुर्ची दे." म्हणजे मॅडमना नावं ठेवायला मला तरी कुठे तोंड आहे?

पण काही लिमिट असतं की नाही? आमच्या काळुराम नानांना उचकी लागली. आपल्याकडे काय करतात? पाणी देतात, कोण आठवण काढतंय विचारतात, दोन नावं घेतली की थांबते. मॅडम धावत आल्या, "उचकी? या वयात? हार्टचं असू शकतं. रिस्क नको!" चालले नाना जगनभाऊबरोबर. गाडीच्या पहिल्याच गचक्याला उचकी थांबली! तरी तिथे तो डॉक्टर पोरगा, बिचाऱ्याचे डोळे झोपेने लाल, तो म्हणतो, "थांबलीय, पण वय बघता ठेवून घेऊ. रिस्क नको!" नानांचा मुलगा पुण्याहून फोनवर, "ठेवा ठेवा, मला यायला जमणार नाही, रिस्क नको!" नाना उचकी घेऊन गेले आणि खोकला घेऊन आले. वर पाठीला जखम. आणि सगळे म्हणतात, बघा, नेलं म्हणून वाचले!

आणि सखुबाई... माझी सखुबाई. ही इथलीच, आगरी. माहेर कळव्याकडचं, पोरवयात मिठागरात डोक्यावरून पाट्या वाहिलेली. आता मिठागर गेलं, शेत गेलं, शेतावर बिल्डिंग उभी राहिली, तिला नाव दिलं 'सखुबाई हाइट्स'. नाव बिल्डिंगीला आणि बाई आमच्याकडे! मुलगा दिपेश, गळ्यात ही जाड चेन, गाडी एवढी मोठी की आमच्या गेटातून आत येत नाही. आईवर जीव आहे हां त्याचा, खोटं कशाला बोलू, पण तो जीव सगळा फोनवरच.

तर ही सखुबाई पहिल्यांदा हॉस्पिटलात गेली चक्कर आली म्हणून. उन्हाळ्याचे दिवस, बाईने पाणी प्यायलं नव्हतं, बाकी काही नाही. सलाइन लावलं, परत पाठवलं, पण कवळी तिथेच हरवली! डबीत ठेवलेली म्हणे, डबी कोणी फेकली माहीत नाही. तेव्हापासून भाकरी बंद, नुसती पेज. दुसऱ्यांदा गेली पाय सुजले म्हणून. गेली तेव्हा माझा हात धरून, जिना उतरून, चालत गेलेली! तिथे पलंगाला कठडे, खाली उतरायचं नाही. "आजी, पडाल तुम्ही, रिस्क नको!" झोपून झोपून पायातलं बळच गेलं, आली ती चाकाच्या खुर्चीवरून. सूज तेवढी उतरली. म्हणजे प्रत्येक वेळी बाई काहीतरी तिथे ठेवून येते.

आता उरलाय फक्त आवाज. पण काय आवाज, बाई! मजल्यावरच्या पंख्याला शिव्या, डाळीला शिव्या, टीव्हीतल्या सुनेला शिव्या. सकाळी तिची शिवी ऐकली की मला बरं वाटतं... म्हणजे सगळं ठीक आहे.

एकदा मी तिचे केस विंचरत ऋतूच्या खोकल्याचं रडगाणं गात होते, तर हात धरला माझा. "रुपाले, मना त्या गारीन घालू नको गो बाय. पयल्यांदा दात ठेवून आयली, मंग पाय ठेवून आयली. आता तोंड तेवरा र्‍हायलाय." मी म्हटलं, नाही घालणार अँब्युलन्समध्ये. "तसा नको. शपथ घे. तुज्या पोराची शपथ घे."

आता बोला! पोराची शपथ! मी जी पोराला नजर लागेल म्हणून त्याचा फोटोसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपला ठेवत नाही, तिने पोराची शपथ घेतली. काय करू? डोळ्यांत पाणी होतं हो तिच्या. घेतली शपथ, आणि घरी जाऊन मीठमोहऱ्यांनी ऋतूची दृष्ट काढली. रिस्क नको!

त्यातच सौमित्र सर आले. मोठ्या संस्थेतले, पांढरा शर्ट, आवाज असा गोड की दोन आज्या पाच मिनिटांत झोपल्या. भिंतीवर चित्रं दाखवली. म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला उगाच हॉस्पिटलात नेणं हाच एक आजार आहे. जागा बदलते, झोप मोडते, माणूस घाबरतं, भ्रम होतो. म्हणून न्यायच्या आधी तीन गोष्टी. थांबा! बघा! विचारा!" मला इतकं पटलं, इतकं पटलं... मी टाळ्याच वाजवल्या. मॅडमनी बॅनर छापून घेतला, 'अनावश्यक हॉस्पिटल फेऱ्या टाळा', त्याच्यासमोर फोटो काढले, समोसे आले. आणि तेवढ्यात मागच्या खुर्चीत काळुराम नाना तोंड उघडं टाकून झोपलेले कोणालातरी दिसले. "नाना बघा कसे करताहेत!" पळापळ! खाली जगनभाऊला हाक! मी सरांकडे बघितलं, म्हटलं, सर, थांबा-बघा-विचारा? सर घाम पुसत म्हणाले, "हो, म्हणजे... एरवी थांबलोच असतो. पण आज मी स्वतः इथे आहे ना... रिस्क नको!" नाना अर्ध्या जिन्यात जागे झाले आणि म्हणाले, "समोसा राहिला माझा."

तर अशा सगळ्यात उजाडला श्रावणातला पहिला सोमवार. आता तुम्हाला कळलं असेल. हो ना? मला नाही कळलं! मी खेडकडची, आमच्याकडे सोमवार म्हणजे खिचडी आणि संध्याकाळी जेवण. सकाळी गेले, "काय सखुबाई!" म्हटलं. उत्तर नाही. पंख्याला शिवी नाही. पेज दिली, हाताने सारली. मी मॅडमना हाक मारणारच होते! पण सरांचं आठवलं. थांबा... दुपारपर्यंत थांबले. बघा... बघितलं, डोळे नीट, हात हलतोय, तोंड सरळ. विचारा... विचारलं. हो, पण उत्तर कोण देणार? तिसऱ्या पायरीवर येऊन अडकले ना! मग मी मुद्दाम डिवचलं. म्हटलं, "सखुबाई, दिपेश तुमची शेवटची उरलेली विहिरीकडची जागापण विकतोय." बाई लालबुंद झाली, मूठ आवळली, ओठ थरथरले... पण शब्द नाही. जी बाई विहिरीच्या जागेवर गप्प बसते तिचं काहीतरी नक्की बिनसलंय!

एवढ्यात मॅडम. "बोलत नाहीये? स्ट्रोक!" मी म्हटलं, मॅडम, सरांनी सांगितलंय थांबा म्हणून. तर सखुबाईने स्वतःच बोट उचललं आणि भिंतीवरच्या शंकराच्या कॅलेंडराकडे दाखवलं. मॅडमनी छातीवर हात मारला, "देवाकडे चालले म्हणतेय!" सखुबाईने जोरात मान हलवली आणि पोटावर हात फिरवला. "पोटातही दुखतंय!" मग तिने खिडकीकडे दाखवलं, बाहेर उजेड होता तिकडे, आणि हाताने असं खाली, खाली, मावळतीकडे केलं. मॅडम रडायलाच लागल्या, "हिला तो उजेड दिसायला लागला! जगन! जगन!"

फोनवर दिपेश, "मी निघालोच, मागून येतो, नेऊन टाका, रिस्क नको!"

आता मी काय करू? माझ्या पोराची शपथ! मी स्ट्रेचरला हात लावला नाही, देवाशपथ, बोटसुद्धा लावलं नाही. जगनभाऊने उचललं, वॉर्डबॉयने धरलं. मी मनात म्हणत होते, देवा, मी नाही घातलं, यांनी घातलं, हिशोब यांच्या नावावर टाक, माझ्या ऋतूच्या नको. पण सखुबाई माझ्याकडे बघत होती ना... असं बघत होती. एक शब्द बोलली असती तर तिथल्या तिथे उतरवलं असतं तिला! नाही बोलली. मीपण चढले गाडीत. तिचा हात धरला, तर तिने माझाच हात दाबला. मला धीर देतेय! मला!

आणि पुढे तो पूल. कल्याणकडे जाताना लागतो तो. नाव घेत नाही, नाव घेतलं की अजून ट्राफिक होतं. पुढे टेम्पो, मागे डंपर, बाजूला शाळेची बस, आणि लांब मागे दिपेशची ती मोठी गाडी, रिक्षांच्या मधोमध अशी रुतलेली, जशी चिखलात म्हैस. हॉर्न, हॉर्न, हॉर्न... इंचभर नाही. ऊन उतरलं. सावल्या लांब झाल्या. पुलाखालच्या शंकराच्या देवळात दिवे लागले, घंटा वाजली...

आणि स्ट्रेचरवरून आवाज आला, "आरं मेल्यांनो, सोमवार हाय माजा!"

जगनभाऊ सीटवरून उडाला. आणि मग जे सुरू झालं! सकाळपासूनचं साठलेलं सगळं! "मुक्यानं उपास धरलेला! देव दाखवला, पोट दाखवला, दिवेलागनीला सोडीन म्हनून हात केला... सगले आंधले हाव काय गो?"

मी रडत रडत ओरडले, "मग सांगायचं ना!"

"मुक्यानं कसा सांगू?"

"मग काल सांगायचं!"

"नवस कोन सांगून करतं? फल जातं त्याचा."

"कसला नवस एवढा?"

बाईने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग म्हणाली, "तुजा पोर खोकतंय ना."

...

गाडीत घातलं तरी तोंड उघडलं नाही बाईने. कोणासाठी, तर ज्या पोराची शपथ मी घेतली त्याच्यासाठी! जगनभाऊ आरशातून म्हणाला, "ताई, रडा, पण सलाइनच्या नळीला नका हो नाक पुसू."

तेवढ्यात मॅडमचा फोन. "बोलतेय? अचानक? काय बोलतेय?" म्हटलं, शिव्या देतेय. "शिव्या! म्हणजे डोक्यावर परिणाम! मग तर नेच! रिस्क नको!" मागोमाग दिपेशचा, "आता एवढं निघालोय तर फुल बॉडी चेकअप करून घेऊ ना, रिस्क नको!" सखुबाईने फोन माझ्या हातून ओढला. "दिप्या, विहिरीची जागा इकलीस तं बघ." फोन कट.

आणि पुढचा टेम्पो जरासा हलला. थोडी जागा झाली. पुढे गेलं तर हॉस्पिटल, डावीकडून वळलं तर ठाकुर्ली. जगनभाऊने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! जिला शाळेच्या सहलीला पोर पाठवायला तीन वेळा विचार करावा लागतो तिच्याकडे! सखुबाई म्हणाली, "भात खायाचाय मना. वालाचा बिरडा असंल तं बेस." आणि माझ्या तोंडातून कसं निघालं माहीत नाही... "भाऊ, वळवा!"

सायरन लावला जगनभाऊने. अँब्युलन्स सायरन लावून हॉस्पिटलपासून लांब पळतेय, असं बघितलंय कधी? ठाकुर्लीत पोचलो. सखुबाई वरणभात जेवली, बिरडं नव्हतं म्हणून स्वयंपाकघराला शिव्या दिल्या, आणि झोपली. या वेळेला काही ठेवून आली नाही बाई! काही नाही!

मॅडम मला काढून टाकणार होत्या. पण सौमित्र सरांना गोष्ट कळली, त्यांनी सखुबाईबरोबर फोटो काढला, 'एक फेरी वाचली' म्हणून मॅडमना गुच्छ दिला, आणि मॅडमनी नवीन नियम काढला. यापुढे गरज नसेल तर कोणालाही हॉस्पिटलात न्यायचं नाही. आणि गरज आहे की नाही हे कसं ठरवायचं? तर आधी हॉस्पिटलात नेऊन डॉक्टरला विचारून यायचं!

ऋतूचा खोकला? गेला. औषधाने की मुक्याने, कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, आता औषध बंद करा. मी अजून देतेय, थोडंथोडं.

आणि सखुबाई म्हणते नवस धरला तो पुरा श्रावण करणार, सगळे सोमवार मुक्याने. म्हणजे सगळे सोमवार मॅडम, सगळे सोमवार जगनभाऊ! लोक निवेदनं देतात, मोर्चे काढतात, त्या पुलावरचं ट्राफिक सोडवा म्हणून. मी रोज येताजाता पुलाखालच्या त्या शंकराला हात जोडते, म्हणते, देवा, सोडव रे बाबा, लोकांचे हाल होतात... पण श्रावण संपल्यावर सोडव. तोपर्यंत नको.

रिस्क नको!