योर्दानचे पाणी पलीकडच्या काठाचे

आजच्या सभेचे अध्यक्ष फादर मिरोन, त्यांच्या शेजारी बसलेले पलीकडच्या काठाचे फादर ओरेस्त, निवृत्त होऊन लेकीकडे निघालेल्या आपल्या सत्कारमूर्ती डोरीनबाई, दोन्ही चर्चच्या महिला मंडळांच्या भगिनी, आणि मागे उभे राहून जेवणाचा वास घेणारे समस्त बंधू, सर्वांना माझा नमस्कार.

डोरीनबाईंनी या नदीचे पाणी किती वर्षे तपासले, ते इतर वक्ते सांगतील. मी आपली स्वयंपाकघरातली गोष्ट सांगते.

त्या हिवाळ्यात योर्दानचा, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याचा, सण तोंडावर आला होता आणि वरच्या अंगाला डिझेलचा टँकर उलटला. तेल नाल्यातून नदीत शिरले. आम्ही म्हटले, नदी वाहती आहे, एव्हाना सगळे पुढे गेले असेल. काठावर बर्फाचा क्रॉस उभारून तो बीटाच्या रसाने लालही केला. त्याच्या पायथ्याशी बर्फ फोडून काढलेले पाणी फादर पवित्र करतात. ते आपण तान्ह्या लेकराच्या ओठाला लावतो, वर्षभर घरात जपतो. तेच नासले तर सण कसला?

आम्ही कोबीच्या पानांत भात गुंडाळत होतो. डोरीनबाई नमुन्याची बाटली हातात घेऊन दारातूनच म्हणाल्या, "ह्या काठाचं पाणी घेऊ नका!"

आमच्या याव्दोखा आजी उसळल्या. "आमचं पाणी फादर पवित्र करतात, तुमची बाटली नाही!"

"करतील हो. पण डिझेल काढायचं काम देवावर कशाला टाकता?"

मग त्यांनी समजावले. "बर्फ म्हणजे झाकण. वारा लागत नाही, वास उडत नाही, पाणी ढवळत नाही. झाकल्या पातेल्यात कडेने तेल सोडलं तर कडेलाच राहतं ना? तसं ते तुमचा काठ धरून सावकाश चाललंय. पलीकडचं मी तपासलंय, स्वच्छ आहे."

पलीकडे! तिथे दुसरे चर्च, आणि आमच्या आयांच्या काळापासूनचा अबोला. आजी म्हणाल्या, "त्यापेक्षा तहानलेली मरेन!" डोरीनबाईंनी त्यांना काठावर नेले, बर्फाला भोक पाडले आणि वाटीभर पाणी नाकाशी धरले.

"अगं बाई, हा तर आमचा ट्रॅक्टर!" आजी म्हणाल्या. "चला, घसरगाडी काढा."

लाल क्रॉस गाडीवर आडवा घालून, स्तोत्रे म्हणत, अख्खी मंडळी गोठलेल्या नदीवरून निघाली. पलीकडे मेलान्या आजी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"एवढ्या वर्षांनी उगवलात, तेही पाण्यासाठी?"

"मग काय, तुमच्या कोबीच्या गुंडाळ्यांसाठी येणार होतो?"

"त्याही आहेत. आधी हात धुवा, बीटाने माखलेत."

दोन्ही फादरांनी एकाच पाण्यावर हात धरले. शेजारी उभ्या मेलान्या आजींनी डोळे पुसले आणि दोष थंडीला दिला.

वसंतात बर्फ फुटला, नदी ढवळून निघाली, पुढे आपला काठही स्वच्छ झाला. डोरीनबाईंनी तसा कागदही दिला. आम्ही तो वाचला, देवाचे आभार मानले, आणि पुढच्या योर्दानला पुन्हा पलीकडेच गेलो.

डोरीनबाई, तुमचे उपकार आहेत. देव तुम्हाला सुखात ठेवो. बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर पोटात घाला; जेवण गरम आहे तोवर मी खाली बसते.