फ्रिजचे अठरा हप्ते

बँकेच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईने टोकनच्या चिठ्ठीला आठ घड्या घातल्या होत्या. तिची नणंद मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

"वहिनी, तुझा सिबिल स्कोअर सातशे ऐंशी!"

"वन्सं, चष्मा पुसा आणि परत वाचा."

"सातशे ऐंशीच! आता कर्ज नक्की. मागच्या वेळी किती होता गं?"

"स्कोअरच नव्हता. मी इथल्या साहेबांना ऐटीत सांगितलं, जन्मात कुणाचा उसना रुपया घेतला नाही. ते म्हणाले, मग तुम्ही फेडता की बुडवता, हे आम्हाला कसं कळणार?"

"म्हणून पैसे असताना फ्रिज हप्त्यांवर! दादा किती हसला होता."

"हसू देत. अठरा हप्ते, एक दिवस उशीर नाही. ताप आला तेव्हाही आधी हप्ता, मग औषध."

"आणि पार्लरच्या मालकिणीला कधी सांगणार? तिच्याकडे राबून अकरा वर्षं झाली, 'पुढच्या महिन्यात सांगते' म्हणतेस, आणि तुझा पुढचा महिना काही येत नाही."

"हळू बोला, लोक ऐकतायत."

"ऐकू देत! बोल ना."

"आज संध्याकाळीच सांगते. एक तारखेपासून मी येणार नाही. मी माझं स्वतःचं पार्लर उघडतेय."