सोप्या मराठीतलं शास्त्र

शास्त्र सगळ्यांना कळलं पाहिजे म्हणता? मग आमच्या शेजारच्या रूथबाईंचं ऐका. ख्रिस्ती घर. मुलगा दानियल आणि सून कल्याणला वेगळं बिऱ्हाड करायच्या बेतात, म्हातारीचा ठाम नकार. त्यातच दानियलनं सोप्या मराठीतलं नवं बायबल आणलं.

संध्याकाळी प्रार्थनेला तो वाचायला बसला. मी आपली दारात. वाचता वाचता आलं, पुरुष आईबापांना सोडून बायकोबरोबर राहील. सून गालात हसली.

"थांब!" रूथबाई कडाडल्या. "हे ह्या नव्या लोकांनी पदरचं घातलंय!"

"आई, जुन्यातही आहे."

"काहीतरीच!"

मला राहवेना. मी जुनं पुस्तक काढायला लावलं. दानियलनं वाचून दाखवलं. भाषा जड, पण गोष्ट तीच.

"बघा रूथबाई, आहे की नाही?"

"आहे, ठाऊक आहे मला!" त्या माझ्यावरच उखडल्या. "ते कळायला मला दहा-बारा वर्षं सासूजवळ काढावी लागली, तेव्हा कुठं आम्ही नगर सोडून ठाण्याला आलो. आणि हिला पहिल्याच संध्याकाळी कळावं?"