चिंचेआडचा गोल

...नाही, पण मी म्हणते, कोण जिंकणार हे आधीच छापायची गरजच काय? शुक्रवारपासून कॉलेजांच्या फुटबॉलच्या मॅची सुरू होतायत आणि आजच्या पेपरात आतल्या पानावर हे एवढं मोठं, 'कोण मारणार बाजी?' खाली चार प्राध्यापकांचे फोटो, टाय लावलेले! आणि प्रत्येकाचं मत, जालना जिंकणार, परभणी हरणार, बीडचं काही सांगता येत नाही... अहो, सांगता येत नाही तर गप्प बसा ना! तुम्हाला सांगते, ज्याला खरोखर कळतं ना कोण जिंकणार, त्यानं तर तोंडाला कुलूपच लावून बसावं. हे मी उगाच नाही बोलत. आमच्या घरातलं एक माणूस बोललं होतं, आणि माझं काय झालं ते ऐका... ऐका, आणि मग तुम्हीच सांगा, चूक कुणाची?

तर निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शनला चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. आमचं घर उस्मानपुऱ्यात, घरामागं मैदान, आणि त्या मैदानावर कॉलेजच्या मॅची. माझा भाऊ मुख्तार त्या कॉलेजच्या टीमचा गोलकीपर. अब्बांचं सायकलींचं दुकान, गयास सायकलवाले म्हटलं की स्टेशनपर्यंत कुणीही घर दाखवायचं. मी नुकतीच मॅट्रिक झालेली. पास म्हणजे चांगली पास हो, ढकलून नाही! पण जून गेला, जुलै गेला, आणि मी आपली घरात बसून तांदूळ निवडतेय, कारण आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मुलगी नव्हती आणि पहिली व्हायची परवानगी मला कुणी देत नव्हतं.

कुणी म्हणजे अब्बा. कारण फुप्पी माझ्या बाजूनं होत्या.

फुप्पी म्हणजे अब्बांची थोरली बहीण, कमरुन्निसा फुप्पी. पोलिस ॲक्शनच्या त्या गडबडीत त्यांचं घर मोडलं आणि एक ट्रंक आणि एक पानदान घेऊन त्या आमच्याकडं आल्या, त्या आल्याच. बारीक अंगकाठी, पांढरी साडी, आणि परदा इतका कडक की त्यांचा आवाज शेजारच्या अंगणात कधी गेला नाही. घरात मात्र त्या बोलल्या की अब्बांचीसुद्धा मान खाली. आणि या आमच्या फुप्पी, तुम्हाला खोटं वाटेल, आख्ख्या मोहल्ल्याला सांगायच्या की पुढची मॅच कोण जिंकणार!

कशा सांगायच्या? तर गच्चीवरून. आम्ही बायका मैदानावर थोडंच जाणार? मग मॅचच्या दिवशी घरातल्या सगळ्या चादरी धुवायच्या, गच्चीवर वाळत घालायच्या, आणि दोन चादरींच्या फटीला डोळा लावून बसायचं. आमच्या घराइतक्या स्वच्छ चादरी त्या वर्षी पंचक्रोशीत कुणाच्या नसतील! फुप्पी म्हणायच्या, "वहिदा, पोरं पडतात ते बघ. पडल्यावर उठून जो आधी चड्डी झटकतो ना, त्याची टीम हारणार. आणि ज्याला पडल्याचं कळतच नाही, त्याची जितणार." बास! एवढंच शास्त्र. सकाळच्या प्रॅक्टिसला बघायच्या, पानाला चुना लावायच्या आणि म्हणायच्या, "परभणी झटकू है. गई." अब्बा दुकानावर जाऊन सांगायचे, आपा म्हणतायत परभणी गेली. आणि परभणी जायची! जालना गेलं, बीड गेलं... टायवाल्या प्राध्यापकांनी यावं आणि शिकावं.

पण त्यात एक गोम होती बरं का, आणि ती तेव्हा कुणाच्या ध्यानात नव्हती. आमच्या गच्चीवरून दोनपैकी एकच गोल दिसायचा. अलीकडचा. पलीकडचा गोल एका थोरल्या चिंचेच्या आड. आणि आमच्या कॉलेजच्या कॅप्टनला चिंचेची सावली आवडायची, म्हणून सुरुवातीला तो नेहमी पलीकडची बाजू मागून घ्यायचा. म्हणजे आमचा मुख्तार कायम झाडाआड! घरचं पोरगं गोलकीपर आणि घरच्या बायकांना कधी दिसलाच नाही. त्याची खबर आणायची कस्तुराबाई. धनगराची कस्तुराबाई, आम्हाला शेळीचं दूध घालायची, आणि तिच्या शेळ्या त्याच चिंचेखाली बसायच्या. संध्याकाळी दारात चरवी टेकवून सांगायची, "काय उडतंय वो तुमचं पोरगं, माय! बोकडावानी उडतंय!" अम्मीला बोकड काही आवडायचा नाही, पण उडतंय म्हटल्यावर हसायची.

दुसरी गोम अशी की आम्ही मॅच अर्धीच बघायचो. हाफ टाइमची शिट्टी वाजायची आणि तिकडून असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान व्हायची, दोन्ही एकदम. मग फुप्पी उठल्या, हातपाय-तोंड धुऊन वजू केला, नमाज पढल्या, तोवर अम्मीची हाक, "वहिदा, चहाचं आधण ठेव, अब्बा दहा माणसं घेऊन येतील!" मग कसली मॅच! बसा चहा गाळत. सगळ्या मोसमात गच्चीवरच्या एकाही बाईनं हाफ टाइमच्या पुढची मॅच बघितलेली नाही. निकाल काय तो जिन्याच्या पायरीवर ऐकायचा. आता तुम्हीच सांगा, नमाज चुकवायची, का चहा? चूक कुणाची?

तर आला फायनल. आमचं कॉलेज आणि नांदेड. फुप्पींनी सकाळी नांदेडची पोरं बघितली आणि म्हणाल्या, "झटकू है. अपना कप आया." अब्बा खुशीत होते, पानदानाशी बसून सुपारी कातरत होते, आणि फुप्पींनी बरोबर वेळ साधली.

"गयास, मेरी बात सच्ची निकलती ना?"

"निकलती, आपा."

"तो एक और सुन. ये छोकरी को कॉलेज भेज."

अब्बांचा अडकित्ता थांबला. मी दाराआड. अब्बा हसून म्हणाले, "ठीक है आपा. फायनलची बात सच्ची निकली, तर छोकरीची पण सच्ची. नाही निकली, तर मग पुन्हा हा विषय नाही काढायचा. जबान?"

फुप्पी म्हणाल्या, "जबान!"

झालं! माझं कॉलेज त्या चामड्याच्या चेंडूत भरलं आणि वर शिवण घातली.

त्या दिवशी चादरी काय, आम्ही गाद्यांच्या खोळीसुद्धा धुतल्या. मॅच सुरू झाली. अलीकडच्या गोलात नांदेडचा एक लांबटांग्या उभा, आमची पोरं त्याच्यावर नुसती तुटून पडतायत, पण गोल होईना. हाफ टाइम झाला, अजान झाली. फुप्पी अम्मीला म्हणाल्या, "दुल्हन, आज चाय तू देख. मैं यहीं पढती." आणि चटई टाकून गच्चीतच एका कोपऱ्यात नमाज पढल्या. दुआ जरा लांबली. ती कुणासाठी होती ते मला ठाऊक होतं.

नमाज आटोपून फुप्पी पुन्हा फटीशी आल्या. बघितलं... आणि एकदम माझा दंड धरला. नखं रुतली.

"वहिदा. वो अपना मुख्तार है क्या?"

मी बघितलं. अगं बाई, मुख्तारच! हिरवी जर्सी, गुडघ्याला अम्मीनं बांधलेली पट्टी. आणि उभा कुठं? अलीकडच्या गोलात! नांदेडच्या!

"फुप्पी, हा तिकडं कसा?"

आता तुम्ही हसाल. हसा. पण मला सांगा, जिनं कधी हाफ टाइमच्या पुढं मॅच बघितलीच नाही तिला कसं कळावं की अर्ध्यात बाजू बदलतात? आणि त्यातून फुप्पी! पोलिस ॲक्शनच्या दिवसांत काल या बाजूला असलेली माणसं आज त्या बाजूला, हे त्यांनी एवढं बघितलं होतं, की त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. त्यांचा चेहरा असा उतरला... पुटपुटल्या, "फोड लिया. नांदेडवालों ने अपने बच्चे को फोड लिया." आणि तेवढ्यात नांदेडचा एक पोरगा चेंडू घेऊन गोलाकडं सुटला. मुख्तार वाकून तयार उभा, हात पसरलेले, एकदम बरोबर उभा हो... आणि आमच्या फुप्पींनी, ज्यांचा आवाज शेजारच्या अंगणात कधी गेला नव्हता त्या फुप्पींनी, दोन्ही हातांनी चादरी बाजूला केल्या आणि कठड्यावरून वाकून आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाळी दिली,

"मुख्तारऽऽ! उधर कायकू खडा है रे! अपने गोल में जाऽऽ!"

मुख्तारनं वर बघितलं. डोक्यावरून पदर घसरलेल्या, उघड्या गच्चीत उभ्या फुप्पी त्यानं जन्मात पहिल्यांदा बघितल्या असतील. तो नुसता बघत राहिला, आणि चेंडू त्याच्या कानाजवळून जाळीत!

आता गंमत पुढंच. फुप्पींचा हिशेब काय? अलीकडचा गोल पाहुण्यांचा. त्यात चेंडू गेला, मग मारणारा कुणी का असेना, गोल आपला! त्या टाळ्या पिटायला लागल्या, "हो गया! गद्दारी करके भी हारा! वहिदा, हो गया, तू कॉलेज गई!" मला मिठी मारली. मी रडायला लागले. थोड्या वेळानं शेवटची शिट्टी झाली, तशा फुप्पी खाली धावल्या, साखरेचा डबा काढला, शेजारीपाजारी मुठी मुठी साखर वाटली, हमारी वहिदा कॉलेज को जाती! मी आतल्या आरशासमोर उभी. केसांचा भांग जरा तिरपा पाडून बघितला, कॉलेजच्या पोरी पाडायच्या तसा. पुस्तकं छातीशी कशी धरायची ते उशी धरून बघितलं. तुम्हाला सांगते, तेवढा वेळ मी कॉलेजात होते. खरंच होते. त्या वर्गाची खिडकीसुद्धा मला दिसली होती.

मग दारात चरवी वाजली. कस्तुराबाई.

"साखर कशाची वो? पोरगं तर हरलं की!"

"हरलं? अगं, गोल अलीकडं झाला ना! पाहुण्यांच्या गोलात!"

"अवो, अर्ध्यात बाजू बदलत्यात ना. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. लई दिसापासून बघतीया मी."

फुप्पींच्या हातातला डबा तसाच राहिला. हळूच म्हणाल्या, "मग आम्हाला सांगितलं का नाहीस, बाई?"

कस्तुराबाई भाबडेपणानं म्हणाली, "तुम्ही इचारलं व्हतं व्हय?"

आता सांगा! चूक कुणाची? तिची? चिंचेची?

मुख्तार आला. चिखलानं भरलेला, मान खाली. मागून अब्बा. अम्मीनं दहा माणसांचा चहा केलेला, आणि दहातलं एक आलेलं नाही. फुप्पीच आधी म्हणाल्या, "बेटा, तूने ऊपर कायकू देखा रे?"

मुख्तार म्हणाला, "फुप्पी, तुमने पुकारा और मैं नहीं देखा, ऐसा कभी हुआ?"

फुप्पींनी पदर तोंडाला लावला. मग अब्बांकडं वळल्या आणि भांडायलाच लागल्या, "गयास, मेरी बात सच्ची थी! मैं चुप बैठती तो अपनेच जितते!"

अब्बा म्हणाले, "मग आपा, तुम्ही चूप बसणार नाही, हेसुद्धा आधी ओळखायला पाहिजे होतं."

जबान म्हणजे जबान. अब्बा वाईट नव्हते हो, रात्री माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या हातानं मटणाची बोटी वाढली, आणि माझ्याकडं बघितलं नाही. पण विषय पुन्हा निघाला नाही, आणि फुप्पींनी पुन्हा कधी कुठल्या टीमचं नाव घेतलं नाही. पोरं दुकानावर विचारायची, "चचा, आपा काय म्हणतायत?" अब्बा पंक्चर काढत म्हणायचे, "आपा नमाज पढतायत." पुढच्या वर्षी वैजापूरचं स्थळ आलं, कांद्याचे व्यापारी, माणसं चांगली. विदाईच्या दिवशी फुप्पी माझ्या कानाला लागून म्हणाल्या, "मेरी आवाज खा गई तेरे को." मी म्हटलं, "नाही फुप्पी." आणखी काय म्हणणार?

आता फुप्पी नाहीत, अब्बा नाहीत. चिंच पण तोडली. आम्ही पुन्हा इथंच राहायला आलो आणि माझी थोरली, गुलशन, त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आणि काय खेळते माहितीये? फुटबॉल! मुलींची टीम आहे आता! मी जाते ना बघायला, चादरीच्या मागं नाही, खुर्चीवर, पहिल्या रांगेत. दोन्ही हाफ बघते. आणि सगळा वेळ पदराचा बोळा तोंडात. बाकीच्या आया नाचतायत, शिट्ट्या मारतायत, आणि मी आपली मुकी. परवा पोरगी चिडलीच, "अम्मी, तू एकदा तरी ओरड ना माझ्या नावानं! सगळ्यांना वाटतं तुला माझं काहीच नाही!"

म्हटलं, बेटा, ओरडायचंय गं मला, लई ओरडायचंय... पण तू आधी बी.ए. हो.